दहावा प्रयोग

सांगली-साताऱ्यातल्या कॉलेजांचं नाटक पावसाळ्यात जन्माला येतं आणि दिवाळीच्या आत मरतं. जुलैत पोरं जमतात, कुणीतरी पुण्या-कोल्हापूरच्या ओळखीतून संहिता मिळवतो, ऑगस्टात तालमी सुरू होतात. मग शिवाजी विद्यापीठाचा जिल्हास्तरीय युवा महोत्सव, तिथून निवड झालीच तर मध्यवर्ती महोत्सव, आणि कॉलेज जरा नाटकवेडं असेल तर एखादा करंडक. दोन प्रयोग, फार तर चार. त्यानंतर लेव्हल्स जिमखान्याच्या खोलीत जाऊन पडतात, भाड्याचे कपडे परत जातात आणि सेमिस्टरचं वेळापत्रक लागतं. हे दोन-चार प्रयोग बघायला कोण असतं? पुढच्या नंबरची वाट बघत बसलेले दुसऱ्या कॉलेजांचे संघ, आपापल्या पोरांबरोबर आलेले सर-मॅडम, आणि टेबलावरच्या दिव्याच्या उजेडात गुण मांडणारे परीक्षक. नाटकाशी काही देणंघेणं नसताना नुसतंच बघायला आलेला माणूस या हिशेबात कुठेच नसतो.

हे उलटं व्हायला हवं, असं माझं म्हणणं आहे. कॉलेजनं वर्षाला तीन-चार नाटकं गावासाठी बसवावीत, प्रत्येकाचे निदान दहा प्रयोग करावेत, आणि स्पर्धेला त्यातलंच एखादं न्यावं किंवा नेऊ नये. म्हणायला ही साधी गोष्ट आहे. पण ती केली तर कॉलेजच्या नाटकातलं जवळपास सगळं बदलतं: संहिता, भाषा, नेपथ्य, पैसे, नट, आणि नाटक बसवणारा माणूससुद्धा.

महोत्सवाच्या दिवशी विंगेत जाऊन उभं राहिलं की रोग नेमका कुठे आहे ते दिसतं. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात एकांकिकेला तीस मिनिटं मिळतात, लघुनाटिकेला दहा. एक पोरगा मोबाइलवर घड्याळ लावून पडद्याच्या दोरीपाशी उकिडवा बसलेला असतो आणि आत खेळणाऱ्यांना बोटांनी खुणावत असतो, सात राहिली, पाच राहिली. वेळ उलटली की गुण जातात. म्हणून दिग्दर्शकाची ताकीद असते की हशा आला तरी थांबायचं नाही, पुढचं वाक्य टाकायचं. आता हशाला थांबणं हे नटाचं पहिलं शिक्षण. किती थांबायचं, हशा उतरणीला लागला की नेमकं कधी वाक्य उचलायचं, हे कुणी सांगून येत नाही. ते वेगवेगळ्या गर्दीसमोर पंधरा-वीस वेळा चुकल्यावर अंगात मुरतं. आमच्या पोरांना चुकायला जागाच नाही. आणि समोर बसलेले बहुतेक जण प्रतिस्पर्धी असल्यामुळे हशा तसाही बेतानंच येतो.

परीक्षकासाठी बसवलेल्या एकांकिकेची एक घडणही आता ठरून गेली आहे. पडदा उघडतो तेव्हा सगळे पाठमोरे उभे. मग एक किंकाळी किंवा हलगीचा कडकडाट. दर सात-आठ मिनिटांनी काळोख. एक प्रवेश मागच्या काळातला, निळ्या उजेडात. शेवटी लाल दिवा, चढत जाणारं संगीत आणि सगळे जागच्या जागी गोठलेले. विषय शेतकऱ्याची आत्महत्या, जात, धरण, बाईवरचा अत्याचार. विषयांना मी नावं ठेवत नाही, ते आपल्या दाराशीच आहेत. कोयनेच्या आणि चांदोलीच्या धरणग्रस्तांची नातवंडं याच कॉलेजांत शिकतात. पण धरणग्रस्तांवरची एकांकिका धरणग्रस्तांच्या वसाहतीत जाऊन केल्याचं कधी कानावर येत नाही. ती सातारा किंवा कोल्हापूरच्या सभागृहात, ज्यांचं काही बुडालेलं नाही अशा तीन माणसांना गलबलून टाकण्यासाठी केली जाते. गलबलले तर पहिली, नाहीतर उत्तेजनार्थ.

भाषेचं तर विचारूच नका. परीक्षक पुण्या-मुंबईचा असला की त्याला ग्रामीण बाज आवडतो, हे पोरांना ठाऊक असतं. मग जतचा पोरगा रंगमंचावर अशी बोली बोलतो जी जतमध्ये कुणी बोलत नाही. सिनेमातून आणि मालिकांतून परत आलेली ती एक सरसकट गावठी भाषा आहे. तिच्यात माणचा हेल नाही, जतचं कानडी वळण नाही, वाळव्याचा ठसका नाही. हाच प्रयोग जतच्या बाजारतळावर केला असता तर पहिल्या पाच मिनिटांत मागून कुणीतरी ओरडून दुरुस्ती केली असती. स्पर्धेत ती दुरुस्ती होत नाही, उलट भाषेसाठी खास उल्लेख होतो.

सांगलीला हे नवं नाही, हे लक्षात घ्यायला हवं. मराठी नाटकाचा जन्मच इथे एका परीक्षकासमोर झाला. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ १८४२ साली सांगलीत झाले. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी ते बघितले, त्यांना ते आवडले पण ओबडधोबड वाटले, आणि आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना त्यांनी तसं काही मराठीत, जरा नीटस करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीता स्वयंवर’ झालं. प्रेक्षक दरबारी, खर्च संस्थानचा, निकाल राजेसाहेबांच्या चेहऱ्यावर. हा दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो, सांगलीत त्या दिवशी भावे गौरव पदक दिलं जातं, आणि ते योग्यच आहे.

मला मात्र भाव्यांच्या चरित्रातला दुसरा दिवस जास्त महत्त्वाचा वाटतो, ज्याची तारीख कुणी पाळत नाही. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले. आश्रय आटला, डोक्यावर कर्ज, पाठीशी नटमंडळींचा संसार. भावे आपली मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ करू लागले. तिकीट काढणाऱ्याला राजेसाहेबांची आवड काय होती याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्याला आपल्या पैशाचा मोबदला हवा होता. पुढची पन्नास-साठ वर्षं गावोगाव फिरलेल्या नाटक मंडळ्या, त्यांचे मुक्काम, त्यांची भांडणं, त्यांची दिवाळखोरी आणि त्यांचं वैभव, हे सगळं त्या वाटेनं आलं. राजा गेला म्हणून मराठी नाटकाला प्रेक्षक मिळाला. आपल्या कॉलेजांनी मात्र उलटा प्रवास करून पुन्हा राजा शोधला आहे. फरक इतकाच की तो आता वर्षातून एकदा येतो, तीन जणांचा असतो आणि त्याला मानधन मिळतं.

स्पर्धेची बाजू कमकुवत आहे असं मात्र मी म्हणणार नाही. महाराष्ट्रीय कलोपासकनं १९६३ मध्ये पुण्यात पुरुषोत्तम करंडक सुरू केला नसता तर दोन-तीन पिढ्यांचे नट-दिग्दर्शक मिळाले नसते, हे मराठी नाटकाचा कुणीही माणूस कबूल करेल. १९५४ पासूनच्या राज्य नाट्य स्पर्धेनं सांगली-मिरजेसारख्या गावांतल्या हौशी संस्था जगवल्या. युवा महोत्सवाचं तर मोल याहून वेगळं आहे. आटपाडीच्या, दहिवडीच्या, म्हसवडच्या कॉलेजातल्या ज्या पोरानं नाट्यगृह आतून कधी पाहिलेलं नाही, त्याला निदान एक दिवस पडदा, विंगा आणि दिवे मिळतात. तारीख ठरलेली असते म्हणून तालीम होते. प्राचार्य एरवी ज्या खर्चावर सही करत नाहीत त्यावर करंडकाच्या आशेनं करतात. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले, पाटबंधारे खात्यात रखवालदारी करता करता एकांकिकांतून पुढे आलेले सयाजी शिंदे हे काही नाट्यशाळेतून आलेले नाहीत. स्पर्धा हे गरिबाच्या पोराचं दार आहे, असं कुणी म्हणालं तर मी मान डोलवीन.

पण दाराच्या आत घर असायला हवं. मुंबईत ते असतं. तिथल्या कॉलेजच्या पोरांची ‘ऑल द बेस्ट’ ही एकांकिका स्पर्धेत गाजली आणि १९९३ मध्ये ती पूर्ण लांबीचं नाटक होऊन व्यावसायिक रंगमंचावर आली, कारण निर्माता, नाट्यगृह आणि तिकीट काढणारा प्रेक्षक, तिघंही एका लोकलच्या अंतरावर होते. पुण्यात १६ डिसेंबर १९७२ ला ‘घाशीराम कोतवाल’ आलं. ते करणारी मुलं कॉलेजच्या स्पर्धांतून आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांतून वर आलेली. एकोणीस प्रयोगांनंतर ते बसवणाऱ्या संस्थेनं नाटक थांबवलं, तेव्हा त्यांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी नावाची स्वतःची संस्था काढून ते पुन्हा उभं केलं आणि पुढे वर्षानुवर्षं केलं. एकोणिसाव्या प्रयोगावर त्यांनी बक्षीस मोजून घरची वाट धरली असती, तर आज त्या नाटकाचं नाव किती जणांना ठाऊक असतं? सांगली-साताऱ्याच्या एकांकिकेला असं पुढचं घर नाही. पहिली आली तरी ती तिथेच थांबते आणि पोरगा मालिकेत काम मिळतं का बघायला मुंबईची गाडी धरतो.

हे जुनंच दुखणं आहे. वसंत कानेटकर जन्मानं रहिमतपूरचे, शिकले सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात. श्रीराम लागू जन्मानं साताऱ्याचे. एकाच जिल्ह्यातला हा नाटककार आणि हा नट एकमेकांना भेटले ते पुण्यात, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं ‘वेड्याचं घर उन्हात’ केलं तेव्हा.

२०२२ च्या सप्टेंबरात पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्या तोडीची एकांकिका नाही, असा निर्णय झाला. खूप आरडाओरडा झाला. एका बाजूनं पोरांचा अपमान झाला म्हणून, दुसऱ्या बाजूनं दर्जा घसरला म्हणून. मला दोन्ही बाजू एकाच गृहीतकावर उभ्या वाटल्या: नाटक चांगलं की वाईट हे त्या एका संध्याकाळी, त्या टेबलावर ठरतं. करंडक दिला असता तर त्या एकांकिकांमध्ये असं काय जास्तीचं आलं असतं? आणि न दिल्यानं ज्या सुधारायला हव्या होत्या त्या सुधारायला पुढचा प्रयोग कुठे होता?

पुढच्या प्रयोगाची व्यवस्था कशी करतात हे बघायला अमेरिकेत जायची गरज नाही, जरी तिथल्या मध्यम गावातल्या कॉलेजचा नाट्यविभागही वर्षाच्या सुरुवातीला चार-पाच नाटकांचा हंगाम जाहीर करतो, गावाला तिकिटं विकतो आणि प्रत्येक नाटक एक-दोन आठवडे चालवतो. शिमोगा जिल्ह्यातलं हेग्गोडू हे सुपारीच्या बागांतलं खेडं आहे. तिथे के. व्ही. सुब्बण्णांनी १९४९ मध्ये नीनासम सुरू केली, १९८० मध्ये नाट्यशिक्षणाची शाळा काढली आणि १९८५ पासून ‘तिरुगाट’ नावाची फिरती मंडळी. दरवर्षी ही मंडळी दोन-तीन नाटकं बसवून काही महिने कर्नाटकभर फिरते. तालुक्याच्या गावी, शाळेच्या मैदानावर, मिळेल त्या सभागृहात. त्यात कधी शेक्सपियर असतो, कधी संस्कृत नाटक, कधी नवं कन्नड. म्हणजे १८४२ साली दक्षिणेकडून आलेली मंडळी बघून सांगली शिकली होती. तिनं पुन्हा एकदा त्याच दिशेला बघायला हरकत नाही.

शिवाय घरातच गुरू आहेत. कवलापूर सांगलीला लागून. तिथल्या काळू-बाळूच्या तमाशानं ‘जहरी प्याला’ हा वग गावोगाव किती वर्षं केला याचा हिशेब तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा. दसऱ्याला बाहेर पडायचं, वैशाखापर्यंत जत्रा धरत फिरायचं, तोच वग रोज वेगळ्या गर्दीसमोर. वगातल्या हवालदारांच्या त्या जोडीचं विनोदाचं टायमिंग बघून शहरातले नट थक्क व्हायचे. त्यामागे कुठलीही कार्यशाळा नव्हती. रात्री दोन वाजता कंटाळलेल्या, कदाचित प्यायलेल्या, उद्या उसाला पाणी धरायला जायचं असलेल्या माणसाला जागं ठेवण्याची रोजची सक्ती होती. जिल्ह्यात इतकी मोठी नाट्यशाळा असताना आम्ही पोरांना मुंबईचा दिग्दर्शक आणून तीन दिवसांचं शिबिर देतो!

तर हंगाम कसा असावा? चार नाटकं धरू. पहिलं जुनं. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ १८९९ चं. म्हाताऱ्याशी पोरीचं लग्न लावायला निघालेल्या बापाची ती गोष्ट, आणि नाटक जुनं झालं असलं तरी विषय संपलेला नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पाचात एकीहून जास्त. बीएच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात शिरून विचारा, दहावीपर्यंत बरोबर असलेल्या मैत्रिणी कुठे आहेत. ‘शारदा’ संगीत नाटक आहे, पदं म्हणणार कोण, अशी अडचण लगेच काढली जाते. मिरजेच्या परिसरात गाणारं पोर मिळत नाही म्हणणाऱ्यानं आधी शोधून बघावं. नाहीच मिळालं तर दहा पदं कापा. देवलांचं गद्य स्वतःच्या पायावर उभं राहतं.

दुसरं लोकनाट्य. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, वाळवा तालुक्यातले. १ ऑगस्टला त्यांच्या जयंतीची मिरवणूक जिल्ह्यात गल्लोगल्ली निघते. पण ‘अकलेची गोष्ट’ किंवा ‘शेटजींचे इलेक्शन’ रंगमंचावर बघण्याचा योग किती जणांना आला असेल? लाल बावटा कलापथकानं ही लोकनाट्यं मुंबईत कामगार वस्त्यांत केली. त्यांना लेव्हल्स लागत नाहीत, डीमर लागत नाही, ढोलकी आणि डोकं लागतं. निवडणुका तर आपल्याकडे बारमाही. कुठल्या ना कुठल्या ग्रामपंचायतीची, सोसायटीची, कारखान्याची चालूच असते. ‘शेटजींचे इलेक्शन’ कारखान्याच्या निवडणुकीच्या महिन्यात त्याच तालुक्यात करून बघावं. प्रयोग बंद पाडायला कोण येतं त्यावरून संहिता किती जिवंत आहे ते कळेल. (प्राचार्य येतील, हा माझा अंदाज.)

तिसरं कॉलेजातल्याच कुणीतरी लिहिलेलं, पूर्ण दोन तासांचं. तीस मिनिटांची सवय लागलेल्या पोराला दोन तासांचं लिहिता येत नाही, पहिला अंक संपवता येत नाही. काळोख न करता माणसाला घरातून बाहेर कसं काढायचं हे सुचत नाही. ते फसेल, तरी लिहावं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’ त्यांनी लिहिलं तेव्हा ते विशीत होते आणि लांबलचक पाच अंकी नाटक लिहायला त्यांनी कुणाची परवानगी मागितली नव्हती. चौथं नाटक काय असावं हे पोरांवर सोडावं, अगदी फार्सही चालेल.

जागा आणि पैसा हे प्रश्न वाटतात तितके अवघड नाहीत. सांगलीचं भावे नाट्यमंदिर, मिरजेचं बालगंधर्व, साताऱ्याचं शाहू कलामंदिर, यांचं भाडं दहा वेळा भरणं कॉलेजला झेपणार नाही. भरूही नये. एक प्रयोग तिथे करावा, बाकीचे कॉलेजच्या हॉलात, गावच्या देवळाच्या सभामंडपात, हायस्कूलच्या पटांगणात, पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत किंवा पालच्या खंडोबाच्या यात्रेत एखाद्या संध्याकाळी. आज एका एकांकिकेवर जे पैसे जातात त्यातला मोठा वाटा नेपथ्य, त्याची टेम्पोनं वाहतूक, भाड्याचे दिवे आणि बाहेरून आणलेल्या दिग्दर्शकाचं मानधन यात जातो. तो सगळा दोन-चार प्रयोगांत जळून जातो. फिरायचं म्हटलं की नेपथ्य आपोआप एका ट्रंकेत मावेल एवढं होतं. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र एकदाच काढायचं असतं, प्रयोग एक असो की दहा. तिकीट मात्र लावावं, वीस रुपये का होईना. फुकट बघणारा सभ्यपणे टाळ्या वाजवतो. पैसे दिलेला माणूस कंटाळला की उठून जातो, आणि तो उठून गेलेला दिसणं हे नटाच्या फायद्याचं असतं.

तालमीचा खरा प्रश्न वेगळाच आहे आणि त्याबद्दल नाट्यचर्चेत कुणी बोलत नाही. तो प्रश्न एसटीचा. सातारा, कराड, तासगाव, विटा, इस्लामपूर इथल्या कॉलेजांत निम्मी-अधिक पोरं आसपासच्या खेड्यांतून पास काढून येतात. तालीम सुरू होते पाचला, प्रॅक्टिकल्स संपल्यावर. पावणेसात झाले की एकेक जण दप्तर उचलायला लागतो. शेवटची गाडी चुकली तर मुक्कामी एसटी, ती रात्री उशिरा, आणि मुलींना घरून तिची परवानगी नसते. त्यामुळे नायिकेचं काम बहुधा त्या मुलीला मिळतं जिचं घर शहरात आहे. ज्या मुलीचा आवाज खणखणीत आहे ती सातच्या गाडीनं गेलेली असते. दोन महिने रोज रात्री दहापर्यंत तालीम, हा स्पर्धेचा खाक्या या मुलींना आपोआप गाळतो. वर्षभर पसरलेला हंगाम असेल तर तालीम शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर बसवता येते. प्रयोग तिच्याच गावात ठेवता येतो. लेक रात्री उशिरा कुठल्याशा नाटकात काम करते हे ज्या बापाला सांगावं लागतं, त्यालाच पहिल्या रांगेत खुर्ची द्यावी. तो ओशाळेल, कदाचित चिडेलही. पण निदान नाटक बघून चिडेल.

पूर्वी याला स्नेहसंमेलन होतं, असं कुणी म्हणेल. होतं. गॅदरिंगला तीन अंकी नाटक व्हायचं, प्राध्यापकही त्यात काम करायचे आणि अर्धं गाव बघायला लोटायचं. गावच्या जत्रेतही हौशी मंडळींचं नाटक असायचं, पडदे भाड्यानं आणून आणि नटी बाहेरून बोलावून. आता गॅदरिंगला फिशपाँड आणि ग्रुप डान्स उरलेत, जत्रेला ऑर्केस्ट्रा. त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. त्या नाटकांत पाठांतर कच्चं असायचं, प्रॉम्प्टर नटाआधी ऐकू यायचा आणि नाटकंही बरीचशी पुण्या-मुंबईची जुनी उतरवलेली. पण त्यांच्यापाशी एक गोष्ट होती जी आजच्या सफाईदार एकांकिकेपाशी नाही. बघणारे आणि करणारे एकमेकांना उद्या सकाळी बाजारात भेटणार होते.

नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत, सांस्कृतिक उपक्रम त्यात बसतो. त्याचा उपयोग करून घ्यावा, पण जपून. श्रेयांक प्रमाणपत्रावर दिले की पोरं प्रमाणपत्रांच्या मागे लागतील आणि आपण पुन्हा करंडकापाशी येऊ. एका नाटकाचे दहा प्रयोग, त्यात एका प्रयोगाला विंगेत, एकाला तिकिटाच्या टेबलावर, एकाला टेम्पो भरताना, असं काम मोजावं. तिकिटाच्या टेबलावर बसलेल्या पोराला नाटकाबद्दल जे कळतं ते नायकाला कळत नाही: पहिल्या अंकानंतर चहाला गेलेल्यांतले किती परत आले.

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी माणसाचा आहे. असा हंगाम चालवायला कॉलेजात एक माणूस लागतो, जो तीन-चार वर्षं तिथेच राहील, पहिल्या वर्षाच्या पोरांना तिसऱ्या वर्षापर्यंत घडताना बघेल आणि फसलेलं नाटक पुढच्या महिन्यात पुन्हा उभं करेल. आज ग्रामीण कॉलेजांत नाटकाची हौस असलेला तरुण प्राध्यापक बहुधा तासिका तत्त्वावर असतो. त्याला शिकवलेल्या तासांचे पैसे मिळतात, तेही कधी कधी महिनोन्महिने उशिरा. तालमीचे मिळत नाहीत, उन्हाळ्याचे मिळत नाहीत, आणि जूनमध्ये आपल्याला पुन्हा बोलावतील की नाही हे त्याला ठाऊक नसतं. अशा माणसानं पोरांना दोन महिन्यांत एक करंडक मिळवून दिला तर पुढच्या वर्षी त्याचं नाव प्राचार्यांच्या लक्षात राहतं. गावोगाव दहा प्रयोग केले आणि त्यातले चार पडले, तर त्याच्या अर्जावर लिहायला काही उरत नाही. तो स्पर्धेकडे जातो यात त्याची कलेची समज कमी पडते असं नाही. त्याच्या नेमणुकीची मुदत तेवढीच असते. म्हणून ज्या संस्थाचालकांना आपल्या कॉलेजात नाट्यचळवळ हवी आहे असं भाषणात वाटतं, त्यांनी नाट्यगृहाच्या पायाभरणीचा नारळ फोडण्याआधी एका माणसाला पूर्ण पगारावर घ्यावं, त्याच्या कामाच्या तासांत तालीम धरावी, आणि पहिली तीन वर्षं त्याला बक्षिसाबद्दल काही विचारू नये.